बांधावरचा बूट

"स्वॅम्प," इंजिनिअर म्हणाला आणि त्यानं मोबाइलवर वावराचा फोटो काढला.

भाताचं रोप लावणाऱ्या बायकांच्या ओळीत मालुबाई वाकली होती. रोपांची मूठ हातात धरून ती तशीच थांबली. "काय म्हंतोय रं ह्यो?" तिनं बांधावरच्या लेकाला विचारलं.

साईराज बेळगावात प्लॉट पाडणाऱ्या एका कंपनीत लागला होता. आज तो साहेबाला घेऊन नंदगडला आला होता, स्वतःच्याच शेतात.

"दलदल म्हनत्यात, आये. काय न पिकनारी जमीन. तसं लिवलं की भराव टाकाय लवकर परवानगी मिळती."

"आनि तू काय सांगितलास?"

साईराजऐवजी इंजिनिअरच बोलला, कानडी वळणाच्या मराठीत. "तुमचा मुलगाच सांगितला अम्मा. बारा महिने असंच राहतंय म्हणून."

"अगं बया!" शेजारची गुणाबाई फिस्कन हसली. "मग भात निघाल्यावर मसूर काय आभाळात काढली व्हय आमी?"

मालुबाई हसली नाही. "काल दिसभर ह्या वावरात टिलर कोन फिरवत हुतं रं? मला वाटलं, रजा काढून आईला हातभार लावाय आलंय पोरगं. गरम गरम भाकरी घातली तुला. आनि तू फोटोसाठी चिखल करत हुतास?"

"वरडू नकोस, आये. लोक बघत्यात."

"बघू देत! दलदल मानसं गिळती. ह्यातला भात तू गिळलायस."

साईराज तावातावानं खाली उतरला, बुटासकट. ओळीतल्या बायका कंबर सरळ करून त्याच्या पायांकडं बघू लागल्या. त्याचा बाप आण्णाप्पा नुसतं वावर ओलांडायचं असलं तरी पायताण बांधावर काढायचा.

दोन पावलांत उजवा बूट रुतला. साईराजनं जोर लावला, तसा नुसता मोजा वर आला.

"बघा! स्वॅम्पच!" इंजिनिअर खदखदून हसला आणि त्यानं आणखी एक फोटो काढला. त्यात साईराजही आला.

मान खाली घालून साईराज लंगडत बांधावर गेला. "आये, बूट दे."

मालुबाईनं दोन्ही हातांनी बूट उपसला. पाटाच्या पाण्यात नीट धुतला. बांधावर त्याच्यापुढं ठेवला. टाच वावराकडं, तोंड रस्त्याकडं. मग ती आपल्या जागी परतली, बुटानं पाडलेला खड्डा पायानं बुजवला आणि तिथं रोप खोचलं.