चिखलात रुतलेल्या टाचा

वाचनालयाच्या हिरवळीवर पाय ठेवताच वेंडेलच्या लक्षात आलं की घोळ झालाय. माळ्यानं पाण्याचे फवारे बंदच केले नव्हते. आणि डेझरेची सगळी टोळी उंच टाचांवर आली होती.

ही शहरातल्या बारमध्ये बायकांच्या वेशात नाचणारी पुरुष मंडळी. वेश चढवला की एकमेकींना बायाच म्हणत. आज त्यांनी चादरींचे भलेमोठे पांढरे पंख शिवून आणले होते. पंख पसरून वाटेच्या दोन्ही बाजूंना उभं राहायचं, म्हणजे गोष्ट ऐकायला येणाऱ्या मुलांना पलीकडच्या रायफली दिसणार नाहीत.

रायफली होत्याच. बाईच्या वेशातल्या पुरुषानं मुलांपुढं येऊ नये म्हणून छातीवर त्या लटकवून काही माणसं कोपऱ्यावर उभी होती. तिथं उघड्यावर बंदूक बाळगायला बंदी नव्हती, त्यामुळं कायदा त्यांना हटकत नव्हता.

वेंडेल जन्मभर तिसरीचा मास्तर. निवृत्त झाल्यावर तो दर महिन्याला जांभळा झगा आणि केसांचा टोप घालून 'मिस मॅग्नोलिया' व्हायचा आणि मुलांना गोष्टी वाचून दाखवायचा. हिवाळ्याच्या तोंडावर त्या बारमध्ये गोळीबार झाला आणि त्यात कर्टिस गेला. वेंडेलचा आयुष्याचा जोडीदार. त्यानंतरचं हे पहिलं वाचन.

ग्रंथपाल जोलीन दारातच थांबली होती. "तळघरात वाचू या का? तिथं खिडक्या नाहीत."

"मुलांना उजेड लागतो, जोलीन. मी लपून शिकवलं नाही, वाचणारही नाही."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"तर तुला एकटीला वाचून दाखवीन. चुळबूळ मात्र करायची नाही."

तेवढ्यात रायफलवाले हिरवळीकडे सरकले. "वाट मोकळी करा. मागं व्हा," एकानं दरडावलं.

डेझरेनं पाय उचलून पाहिला. टाच निघेना. "अगं बायांनो, मी तर रुतले."

"मीही."

"मला वाटलं, भीतीनं पाय जड झालेत."

डेझरेनं पंख आणखी ताणले. "ऐका हो दादा, मागं सरायची आमची फार इच्छा आहे, पण जमीनच सोडत नाही. तुम्हीच वळसा घाला. बूट तेवढे भरतील."

बायांमध्ये खसखस पिकली. रायफलवाला पुढं झाला, तसं वेंडेलनं त्याला ओळखलं. कोडी. बेरजेला बोटं मोजणारा, तिसऱ्या बाकावरचा.

"कोडी, तिकडं तुझ्या गाडीत कोण बसलंय?"

"मुलगी आहे, सर." 'सर' तोंडातून निसटलं तसा तो लाल झाला.

"ती घरी असते तेव्हा ही रायफल कुठं असते?"

"पलंगाखाली."

"कुलूप?"

कोडीनं रायफलीचा पट्टा सारखा केला.

कर्टिस गेल्यावर वेंडेलनं ठरवलं होतं, वाचनाला येणाऱ्या प्रत्येक घराला पुस्तकासोबत बंदुकीच्या घोड्याला लावायचं एक कुलूप द्यायचं. पिशवीतून त्यानं एक काढून पुढं धरलं. "मला तू आवडत नाहीस, मीही तुला आवडत नाही. राहू दे. पण मुलीच्या हाती ती लागता कामा नये. आणि आता बाजूला हो, मुलं यायची वेळ झाली."

मास्तरांनी काही पुढं केलं की हात आपोआप पुढं होतो. कोडीनं कुलूप घेतलं, खिशात कोंबलं आणि गाडीकडे गेला. बाकीचे चिखलाच्या कडेला घुटमळले. बूट भरायची कुणाचीच तयारी नव्हती.

मग पहिली बाबागाडी वळली. तिच्यामागे आणखी माणसं, मुलांचे हात घट्ट धरलेली. पंखांमधल्या वाटेनं सगळी आत गेली.

वेंडेल मोठ्या खिडकीसमोर, उजेडात बसला. पुस्तक त्यानं मांडीवर टेकवलं. गोष्ट अस्वलाची होती.

"अस्वल कसं गुरगुरतं?"

मुलं दबक्या आवाजात गुरगुरली. जोलीननं सवयीनं ओठांवर बोट ठेवलं.

"तळघरातलं अस्वल आहे का हे?" वेंडेल म्हणाला. "कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

मुलांनी घसा ताणून डरकाळी फोडली. बाहेर चिखलात रुतलेल्या बायांनी, पंख तसेच ताणून धरत, त्याहून मोठी डरकाळी फोडली. जोलीननं ओठांवरचं बोट काढलं आणि जाऊन खिडकी सताड उघडली.