जर्मलला कोणतं तेल?

मित्रांनो, मी एक जुनी तेलाची बुधली आहे. अंग पत्र्याचं, चोच लांब आणि स्वभाव घाबरट. घाबरट का, ते सांगते. माझ्यात जे ओततील ते मला मुकाट्याने पोटात ठेवावं लागतं. त्यातून काय विपरीत घडू शकेल हे मला कळतं, पण सांगता येत नाही.

जुन्या जालन्यातल्या एका पत्रेवाल्याने मला घडवलं, तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं. रखमाजी नावाच्या कारागिराने मला घरी नेलं. आधी तो कापसाच्या जिनात कामाला होता. मग त्याने घरच्या ओसरीवर स्वतःचा खराद मांडला. खराद म्हणजे धातू गोल फिरवून कातायचं यंत्र. त्याची बायको द्वारकाबाई पायाने फळी दाबून तो फिरवायची आणि रखमाजी हत्यार धरायचा. पितळेची कामं त्यांनी पुष्कळ केली. येणारे जाणारे मला हातात घेऊन बघायचे, म्हणायचे बुधली सुबक आहे. तेव्हा मी जराशी शेफारलेही होते.

मग बद्रीनाथ भांडेवाल्याने जर्मलच्या झाकणांसाठी मुठी करायला सांगितल्या. ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मल म्हणतात. दिसायला मऊ, पण खरादावर भलतंच हट्टी; कातताना वरून तेल सोडत राहावं लागे. हत्याराला चिकटून बसायचं आणि मूठ ओरबाडल्यासारखी निघायची. रखमाजीने जिनातलं जळकं काळं तेल माझ्यात भरून पाहिलं, तर ओसरीभर धूर झाला. द्वारकाबाईने धुण्याचा सोडा पाण्यात कालवून दिला, तर मुठी काळ्या पडल्या. बद्रीनाथने त्या परत पाठवल्या.

शेवटी रखमाजीने भर बाजारात गफूरमिस्त्रींना गाठलं. हा म्हातारा हैदराबादेत खराद शिकलेला, त्याचा शब्द सगळे मानत. रखमाजी घरी आला तो खुशीतच.

"मिस्त्री म्हनले, जर्मलला मिट्टीचं तेल. झालं काम."

मिट्टीचं तेल म्हणजे आपलं घासलेट. ते माझ्यात ओतलं आणि काय सांगू, मूठ चांदीसारखी लखलखीत निघाली. रखमाजी हसला. मी मात्र त्या दिवसापासून हसले नाही.

कारण माझ्या चोचीतून ते तेल फिरत्या जर्मलवर पडे आणि उडून द्वारकाबाईच्या लुगड्यावर बसे. दिवसभरात तिचा पदर ओला व्हायचा. दिवेलागणीला ती त्याच पदराने हात पुसायची, दिवा पेटवायची आणि ओसरीवरून, माझ्या अगदी जवळून, तुळशीकडे जायची. रोज संध्याकाळ झाली की माझा जीव टांगणीला लागायचा. ती तुळशीपाशी पोचली की सुटल्यासारखं वाटे, तोवर दुसरी संध्याकाळ यायची.

"हात लई चुरचुर करून राह्यलेत," एकदा ती म्हणाली. "भाकरीलाबी वास येतो."

"मिस्त्रीनं सांगितलंय. एवढा हुन्नरी मानूस चुकंल व्हय?" रखमाजी म्हणाला.

ती पुन्हा फळी दाबायला लागली. मी गप्पच, मला दुसरं काय येतं.

एका संध्याकाळी गफूरमिस्त्री सहज काम बघायला आले. ते वर्ष वाईट होतं. गावात कुजबूज होती, हिंदू-मुसलमान एकमेकांच्या उंबऱ्यावर दोनदा विचार करून पाय ठेवत. मिस्त्री पायरीवर थबकले आणि त्यांनी हवेतला वास हुंगला. तेवढ्यात द्वारकाबाई दिवा घेऊन बाहेर आली. वारा होता, म्हणून तिने ज्योतीला पदराचा आडोसा धरला.

मिस्त्री पुढे झाले आणि त्यांनी देवाच्या दिव्याची वात चिमटीत धरून विझवली.

रखमाजीच्या हातातलं हत्यार तसंच वर राहिलं. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, आता आगीपेक्षा वाईट काहीतरी होणार.

"देवाचा दिवा हाय तो, मिस्त्री," तो म्हणाला.

"मालूम है मेरे कू," मिस्त्री म्हणाले. "पहले उसका पल्लू सूंघ."

रखमाजीने पदर हातात घेतला, हुंगला आणि हत्यार खाली ठेवलं.

"तुमीच सांगितलं ना मिट्टीचं तेल?"

"मीठा बोला मैं. मीठा तेल. तिल का, खाने का."

खायचं तेल यंत्राला कोण पाजणार, असं वाटून रखमाजीच्या कानांनी सोयीचं तेवढं ऐकलं होतं.

द्वारकाबाई आत जाऊन लुगडं बदलून आली. तिने हात राखेने धुतले आणि दिवा पुन्हा लावला. ती तुळशीपाशी पोचेपर्यंत मिस्त्री अंगणाच्या कडेला उभे होते. दुसऱ्या दिवशी मला उकळत्या पाण्याने धुऊन तिळाचं तेल भरलं. मुठी थोड्या सावकाश निघत, खरादाला मुंग्या लागत, तो रोज पुसावा लागे. पण द्वारकाबाईचे हात बरे झाले.

आता तो खराद नाही. मी कुणाच्यातरी फळीवर धूळ खात पडले आहे. मध्येच कुणीतरी येतं, हाताला लागेल ते माझ्यात ओततं आणि विसरून जातं. माझ्यावर काही लिहिलेलं नाही. म्हणून विनवते, मित्रांनो, बुधलीत काय आहे ते नीट विचारा, नीट ऐका, आणि मगच जवळ काडी ओढा. आत्ता माझ्यात काय आहे ते फक्त मला माहीत आहे, आणि वासावरून ओळखून दिवा विझवणारे गफूरमिस्त्री आता नाहीत.