दोनदा उलटलेलं रीळ

प्रोजेक्टरचा बल्ब एकच उरला होता आणि त्याच्या उजेडात काय बघायचं यावरून घरात सकाळपासून जुंपली होती.

घरची लेक चिमणी दातांची डॉक्टर. पन्नाशी ओलांडलेली, भल्याभल्यांना तोंड उघडायला लावणारी. पण माहेरी आली की ती चिमणीच, आणि बाबा आणि मामा बोलायला लागले की तिला तोंड उघडायची सोय नसे.

"भावजी, नावेतलं रीळ लावा," मामा म्हणत होता. "काय तो पाण्याचा निळा!"

"लग्नाचं लावू," बाबा म्हणाले. "तुझ्या बहिणीचे गाल बघ एकदा. तसा गुलाबी आता कुठे बघायला मिळतो?"

"गाल इथेच आहेत अजून," आई विणकामातून मान वर न करता म्हणाली. "बघायला कुणाला सवड नाही, एवढंच."

त्या फिल्मवर बाबा आणि मामा दोघांचा भारी जीव. घरच्या घरी सिनेमा काढायची ती रंगीत फिल्म कंपनीने बंद केली त्याला किती वर्षं झाली, पण या दोघांचा दुखवटा काही संपेना. बातमी आली त्या दिवशी मामा जेवला नव्हता, आणि बाबांनी त्याच्याही वाटचं जेवून दुःख गिळलं होतं. कुणी फोनवरचा व्हिडिओ कौतुकाने दाखवायला आणला की दोघं एकमेकांकडे बघून उसासे सोडत. "यातला टोमॅटो आजारी दिसतो," मामा म्हणे. त्या फिल्मचं लाल म्हणजे लाल, कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी जसंच्या तसं. हे मात्र खरंच होतं, त्यांना वेड लागलं होतं असं म्हणायची सोय नव्हती.

आता प्रोजेक्टरचे बल्बही मिळेनासे झाले होते. हा शेवटचा मामाने लोकरीच्या मोज्यात घालून, पोटाशी धरून आणला होता. तो तासभर चालेल की क्षणात जाईल, कुणी सांगावं?

"मला आजीचं रीळ बघायचंय," चिमणी म्हणाली.

आईच्या सुया थांबल्या.

आजी म्हणजे बाबांची आई. चिमणीच्या जन्माआधीच ती गेली. आजीसारखी चालतेस, आजीसारखी खिदळतेस, हट्टही अगदी आजीचा, असं ऐकत ऐकतच चिमणी मोठी झाली. पण तिच्या वाट्याला आजी आली ती भिंतीवरच्या एका फोटोत, आणि तिथे ती परीक्षेला बसल्यासारखी बसलेली. हा चेहरा कधी खिदळला असेल यावर चिमणीचा काडीचा विश्वास नव्हता. आपण कुणासारख्या आहोत ते एकदा तरी डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं. आणि चालती-फिरती आजी टिपलेलं रीळ जगात एकच होतं.

"ते वाया गेलंय," बाबा म्हणाले. "तुझ्या मामाची कृपा."

"माझी? उलटलंत तुम्ही!"

"मी एकदा उलटलं. दुसऱ्यांदा कुणी उलटलं?"

घरातलं हे सगळ्यात जुनं भांडण. त्या कॅमेऱ्याची रीत अशी होती की फिल्मची आधी एक कड वापरायची, मग सावलीत बसून रीळ उलटं घालायचं आणि दुसरी कड वापरायची. बाबांनी एका कडेवर आजीला टिपलं, रीळ उलटून ठेवलं आणि त्याच महिन्यात आजी गेली. कॅमेरा कपाटात गेला तो चिमणी पावलं टाकायला लागली तेव्हाच बाहेर आला. रीळ उलटलंय की उलटायचंय, कुणालाच आठवेना. तेव्हा दोघांपैकी एका शहाण्याने खबरदारी म्हणून ते पुन्हा उलटलं. झालं! आजीच्याच कडेवर चिमणी चढली आणि दुसरी कड कोरी राहिली. धुऊन, मधोमध चिरून, दोन्ही कडा एकापुढे एक जोडून आलेलं रीळ लावलं तर आधी आली ती कोरी कड, पडदाभर मिट्ट काळोख. घोटाळा बाबांच्या लगेच लक्षात आला. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला तो केलाच. पुढची कड आजवर कुणी पाहिली नव्हती.

"माझ्या आईचा चेहरा असा फिसकटलेला मला नाही बघवणार," बाबा हळूच म्हणाले.

"मग तुम्ही डोळे मिटून बसा," आई म्हणाली. "पोरीला बघू द्या."

भर दुपारी खिडक्यांवर चादरी चढल्या. मामाने रीळ ओवलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. प्रोजेक्टर टरटरायला लागला, तापलेल्या धुळीचा वास सुटला, आणि पडद्यावर काळोख. आणखी काळोख. बल्ब एकदा फडफडला तसा बाबांचा हात बटणाकडे गेला. चिमणीने तो मनगटाला धरला.

"हलायचं नाही," ती म्हणाली. "थोडंच राहिलंय."

या आवाजापुढे हलायची कुठल्याच पेशंटची आजवर टाप झाली नव्हती. बाबा मुकाट बसले.

आणि एकदम लाल!

आजीचा स्वेटर होता तो. मागच्या अंगणात, नळाशी, दोरीवरची चादर ओढून काढणारी आजी. चादर तिच्याच डोक्यावर पडली, आणि ती बाहेर आली ती कमरेवर हात ठेवून, मान मागे टाकून हसत. काय हसत होती! एक खांदा किंचित खाली टाकून ती चालली, आणि चिमणीला आरशात बघितल्यासारखं झालं.

"अगं बाई," आई म्हणाली. "ही तर तूच."

फिसकटलं काहीच नव्हतं. कॅमेऱ्याच्या तिवईसाठी बाबांनी अंगणात रंगाचे ठिपके काढून ठेवले होते. दोन्ही वेळा तिवई तिथेच उभी राहिली, त्यामुळे भिंतीवर भिंत आणि नळावर नळ नेमका बसला होता. त्यात बाबा उजेडाच्या बाबतीतही चिक्कू, त्यांची सगळी रिळं संध्याकाळी काढल्यासारखी अंधारी. इथे दोन अंधारी चित्रं एकावर एक आली आणि लख्ख दिवस उजाडला.

"भावजी, जन्मात पहिल्यांदा तुमची काटकसर कामी आली!" मामा ओरडला.

तेवढ्यात पिवळं झबलं घातलेली, पाठमोरी चिमणी डुगडुगत पडद्यावर आली. तिला खरं तर नळ हवा होता. पण नळाशी आजी होती. आजी कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलली, खाली वाकली आणि तिने दोन्ही हात पसरले. चिमणी पडली, उठली आणि सरळ त्या हातांत गेली. लालात पिवळं मिसळलं, सगळं केशरी झालं, आणि रीळ संपलं.

पडदा पांढरा झाला. चिमणी रडत होती आणि हसतही होती. एवढा आनंद कुठे ठेवायचा हे तिला कळत नव्हतं.

"दुसऱ्यांदा मीच उलटलं होतं," मामा म्हणाला. "मला स्पष्ट आठवतंय."

"तू? काहीतरीच! मी उलटलं!"

"आजवर तर नाही म्हणत होतात!"

"बाबा," चिमणीने विचारलं, "आजी काय म्हणत होती?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "'पुरे कर ते खोकं, ये इकडे,' असं. मला बोलवत होती." त्यांनी चष्मा परत चढवला. "मी गेलो नाही. फिल्म थोडी उरली होती ना, वाया जाईल म्हणून तसाच टिपत राहिलो."

चिमणीने त्यांचा हात हातात घेतला.

"मी गेले ना, बाबा."

बाबांनी मान हलवली. मग मामाकडे वळून म्हणाले, "बघतोस काय? लाव परत. बल्ब गेला तर जाऊ दे."