उरलेली गांडुळं

मासेमारीहून परतल्यावर गळाला लावायला नेलेल्या आणि डब्यात उरलेल्या गांडुळांचं काय करायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या उत्तर मिनेसोटात घरोघरी पडतो. ऑरिन ट्वाइटला तो कधी पडलाच नाही. तळ्याकाठच्या त्याच्या घरामागे मेपलची झाडी होती. तिथे तो डबा सरळ पालथा करायचा. त्याचे वडीलही तेच करत. जिवांना जीवदान आणि झाडांना खत, असा साधा हिशेब.

त्या मे महिन्यात त्याची थोरली बहीण लेनोरा राहायला आली. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली बाई. कॉफीचा कप घेऊन ती झाडीत गेली आणि तिथूनच तिनं हाक मारली, "ऑरिन, इथली ट्रिलियमची पांढरी रानफुलं कुठे गेली रे? लहानपणी पाय ठेवायला जागा नसायची. आता जमीन झाडून काढल्यासारखी दिसतेय."

"हरणांनी खाल्ली असतील."

"मग रस्त्यापलीकडच्या टेकडीवर कशी आहेत? तिकडची हरणं काय उपास करतात? आणि पालापाचोळा, तोही हरणांनीच खाल्ला?"

ऑरिन झाडीत येऊन खाली वाकून बघू लागला. हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

लेनोरानं बादलीभर पाण्यात मोहरीची पूड कालवली.

"मातीचं लोणचं घालतेस की काय?"

"बघ तर खरा."

पाणी ओतलं मात्र, जमीन वळवळू लागली. मोहरी झोंबल्यानं बोटभर लांबीची गांडुळं चहूकडून वर आली. मग दोघं टेकडीवर गेली आणि पुन्हा तेच पाणी ओतलं. काहीच वर आलं नाही. "अजून ओत," ऑरिनच म्हणाला. तो गुडघ्यांवर बसून वाट बघत राहिला. पाचोळ्यात हात घातला तर मनगटापर्यंत रुतला. बाजूला नेचे होते, पांढरी फुलं होती. गांडूळ मात्र एकही नाही.

"पण गांडुळांनी माती सुधारते ना?"

"शेतात सुधारते. इथे हिमयुगात बर्फाचे डोंगर होते, त्यांखाली गांडुळं उरलीच नाहीत, त्यानंतर हे जंगल गांडुळांवाचूनच वाढलं. ही गांडुळं युरोपातून आली, कुंड्यांच्या मातीतून, गळाच्या डब्यांतून. इथली रोपटी या पाचोळ्याच्या गादीत रुजतात आणि गांडुळं ती गादीच खाऊन टाकतात."

"मग सगळी काढून टाकू."

"ते आता कुणाच्या हातात नाही. पण ती स्वतःहून फार हळू सरकतात रे. लांब नेतो तो माणूस. जिथे पोचली नाहीत, तिथे न्यायची नाहीत, एवढं आपल्या हातात आहे."

ऑरिनला एकदम आठवलं. घराच्या दारात ढकलगाडी भरून उभी होती. मागच्या झाडीतली काळीभोर माती त्यानं काल हौसेनं भरली होती, याच टेकडीवर रोपं लावायला! तो तडक खाली उतरला आणि गाडी मागच्या झाडीतच रिकामी करून आला.

पुढच्या शनिवारी होड्यांच्या धक्क्यावर त्यानं कचऱ्याचं झाकणाचं पिंप ठेवलं आणि वर रंगानं लिहिलं : उरलेली गांडुळं इथे टाका, जंगलात नको.

"काय ऑरिन, गांडुळांचं स्मशान काढलंस वाटतं?" शेजारचा डेल्मर खिदळला.

"हस की. पण आधी डबा रिकामा कर, मग हस. आणि मग टेकडीवर चल, तुला एक गंमत दाखवतो."

डेल्मरनं डबा पिंपात रिकामा केला आणि कुतूहलानं त्याच्या मागे निघाला.

मंडळी, ऑरिननं वाईट हेतूनं काहीच केलं नव्हतं. आपणही करत नाही. पण जमिनीचं भलं करायला निघण्याआधी, तिथे मुळात काय नांदत होतं हे वाकून पाहायला हवं. कारण बाहेरचा जीव एकदा रुजला की परत बोलावता येत नाही. त्याला न नेणं मात्र आपल्यापैकी प्रत्येकाला जमतं.