चार पाण्याचं मेण

माझ्याकडे एकाच कॉइलपुरती तार उरली होती. तांब्याची, सुती वेष्टणाची, अठ्ठावीस नंबरची. श्रावणात गुंडाळलेलं पहिलं टेस्ला कॉइल, हवेत विजेची लांब ठिणगी पाडणारं तारेचं वेटोळं, चालू करताच मधोमध जळलं होतं. दसऱ्याला मी शिकवायचे त्या शाळेची कमिटी पाहायला येणार होती. ठिणगी पडली तर कर्जतच्या मुलींना विज्ञानाचा तास मिळणार, नाहीतर त्या जागी शिवणकाम.

बाकीचं सामान मी पारखून घेतलं होतं. एका जुन्या मोटारीतलं ठिणगीचं यंत्र, वीज साठवायला जाड काचेच्या, एकही बुडबुडा नसलेल्या सहा बाटल्या. दोष तारेत होता. वीस हात तार चुलीजवळ सुकवून तोलली, दिवसभर ओसरीवर ठेवून पुन्हा तोलली. सत्तर मिलिग्रॅम जड! सुतानं हवेतलं पाणी ओढलं होतं, म्हणून वीज या वेढ्यातून त्या वेढ्यात शिरली होती. तार मेणात बुडवायलाच हवी होती.

माझा भाऊ विष्णूदादा खोपोलीच्या वीजघरात नोकरीला. त्यानं कल्याणहून मेणाची पिवळीधमक वडी आणली. त्याच सकाळी ठाकरवाडीची ठकी मध घेऊन आली. तिच्या टोपलीतही मेण होतं, काळपट.

"ते नको हं, मालू," दादा म्हणाला. "वीज खेळवायचीय, पणती नाही लावायची."

ठकीनं पिवळी वडी हुंगली. "यात मध हाय."

मधही पाणी ओढतो. मी तराजू पुढे घेतला खरा, पण वडीतला मध तोलायचा कसा?

"तुज्या तराजूला जीभ नाय, बाय." ठकीनं दोन्ही मेणांचे तुकडे मुंग्यांच्या रांगेशी ठेवले आणि पान चघळत बसली.

"घ्या! आता मुंग्यांना मास्तरीण नेमा," दादा हसला.

मी घड्याळ लावून मोजलं. सहा मिनिटांत पिवळ्या तुकड्यावर तेवीस मुंग्या. काळ्यावर एकच चढली, मिशा हलवल्या आणि परत फिरली.

दादानं पिवळी वडी उचलून बाजूला ठेवली.

"किती वेळा नव्या पाण्यात उकळलंस गं?" मी विचारलं.

"चार पानी. माजी आई तीनच द्यायची."

मी ठकीचं मेण वितळवून सुकवलेली तार त्यात बुडवली. त्यातून काढलेल्या तारेचे आठशे वेढे घातले, एकावर एक न चढू देता.

दसऱ्याला वर्गाच्या खिडक्या लावून कळ दाबली. चार बोटं लांब, जांभळी ठिणगी कडाडली. पाच मिनिटं मी कळ सोडली नाही. कॉइल जळलं नाही. मुलींच्या रांगेतून कुणीतरी "अगं आई!" म्हणालं.

कमिटीच्या अध्यक्षांनी वही काढून तास मंजूर केला. मग वही उघडीच ठेवून कॉइलवरून बोट फिरवत विचारलं, "मेण कुठल्या कंपनीचं?"

"ठाकरवाडीच्या ठकीचं," मी म्हणाले.

ठकी उंबऱ्याशी बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला.

"चार पान्याचं हाय," ती म्हणाली. "ते बी लिव त्यात."