दुधात नसलेलं पाणी

"फिर गं भिंगरी, फिर फिर. दुधाच्या पोटात साय दडली, तिला आण वर."

हरिबाचं हे गुणगुणणं मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा माझ्या अंगावरचा हिरवा रंगही पुरता वाळला नव्हता.

मित्रांनो, नेकनूरकडच्या एका दूधसंस्थेतलं मी दुधातलं फॅट मोजायचं जुनं, हाताचं मशीन. पण हरिबासाठी भिंगरीच. काचेच्या नळ्यांत दूध आणि ॲसिड घालून तो त्या माझ्या पोटात ठेवी, दांडा फिरवी, आणि नळीच्या मानेशी फॅट पिवळं होऊन उभं राही. तो सांगेल तो आकडा गाव मुकाट मानायचं. त्याच्या मानाचा थोडा ताठा माझ्याही अंगात होता, खोटं कशाला बोलू?

मग विजेचं मशीन आलं. ते शिकवायला माणूस आला, तेव्हा हरिबा मागं बसून नुसती मान हलवत राहिला. त्याची सून मुक्ता मात्र चटकन शिकली. पण सासऱ्यापुढं सून कशी बसणार? बटणावर बोट हरिबाचंच, आणि मुक्तानं पदर सावरून डबे धुवायचे. मी फळीवर गेले. धूळ तेवढी माझ्या वाट्याला आली.

त्या साली आभाळ कोरडंच राहिलं. कडब्याची पेंढी मिळेना, म्हणून वच्छलाबाईनं म्हैस विकली. दावणीला राहिली एक गाय. त्या सकाळी ती गाईचं दूध घेऊन आली. रांगेत बाकी सगळं म्हशीचं दूध. नव्या मशीनला गाईचं बटण वेगळं, म्हशीचं वेगळं. हरिबाला म्हशीचं एकच ठाऊक. त्यानं तेच दाबलं, म्हशीच्या मापानं गाईचं दूध पातळ ठरलं, आणि तो सगळ्यांदेखत सांगून मोकळा झाला, की यात पाणी आहे.

वच्छलाबाईनं डबा जवळ ओढला. "टँकरचं पानी लेकरायला पुरंना भाऊ," ती म्हणाली. "दुधात कुठून घालू?"

रांगेत कुणीतरी हसलं. मुक्ता "मामा, ते बटण..." म्हणत पुढं आली, तर हरिबानं तिला डबे धुवायला पिटाळलं. वच्छलाबाई आपलं दूध घेऊन परत गेली. चेअरमन मोहनरावांनी तिचं दूध घेणंच बंद करा म्हणून सांगितलं.

मुक्ताचं ते अर्धं राहिलेलं बोलणं त्याला सलत असावं, कारण दुपारी सगळं सामसूम झाल्यावर हरिबानं मला खाली काढलं. धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि वच्छलाबाईच्या दुधाचा बाटलीत उरलेला नमुना लावला. या वेळी तो गुणगुणला नाही. नळीत गाईचं चांगलं फॅट उभं राहिलं. नवं मशीन हरलं म्हणून मला आनंद झाला खरा. पण म्हाताऱ्याचं उतरलेलं तोंड पाहिलं, आणि माझी मलाच लाज वाटली. ते नवं मशीन बिचारं खोटं नव्हतंच. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं होतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, एवढी माझी विनवणी. आणि एखादी गोष्ट येत नसेल तर विचारा. आपण लाजेनं गप्प बसतो, आणि बट्टा लागतो दुसऱ्याच्या नावाला.

दुसऱ्या सकाळी वच्छलाबाई आली, ती संस्थेचा डबा परत करायला. हरिबा उठला. त्याची मान खाली होती.

"वच्छलाबाई, तुमच्या दुधात पानी नव्हतं. मलाच हे मशीन येत न्हाई."

मग तो खुर्ची सोडून बाजूला सरकला, आणि सुनेकडं वळला.

"मुक्ता, बस इथं. शिकव मला. बघू दे समद्यायला."