श्वासबाबांची विरघळणारी गोळी

मैदानामागच्या हॉलमध्ये सकाळपासून शंभरेक नाकं सूं सूं करत रांगेत उभी होती. गवताला तुरे आले की गावभर शिंका सुरू, आणि यंदा त्यावर उतारा होता श्वासबाबांची सिद्ध गोळी. गादीवर रेललेला हा तुकतुकीत इसम दर वेळी टॉवेलला बोटं पुसायचा, समोरच्याच्या तळहातावर पांढरी टिकली ठेवायचा आणि म्हणायचा, "जिभेखाली धर. खाज सुटली की समज, शक्ती उतरली. जितकी सूज तितकी कृपा. पापी हातात मात्र ही टिकत नाही."

खरंच, घामट हातांवर गोळीचा लगदा व्हायचा. तो बिचारा पापी मान खाली घालून पुन्हा रांगेच्या शेपटाला जायचा. शिकलीसवरलेली माणसंसुद्धा यावर माना डोलवत होती.

औषधाच्या दुकानात काम करणारी बाई हे बघून धुमसत होती. ती आली होती मोठ्या भावासाठी. तो मैदानाचं गवत कापायचा. त्याचा दमा अजून आटोक्यात नव्हता आणि कालच त्याची दाढ काढलेली. तरी स्वारी रांगेत दुसरी.

"दादा, घरी चल."

"तुझं दुकान बसेल म्हणून जळतेस," दादा म्हणाला. "त्या काकूंकडे बघ. लगेच गुण."

पुढच्या काकू घसा खाजवत होत्या, ओठ सुजत चालले होते. बाबा खूश होता.

बहिणीला गादीमागच्या कचऱ्याच्या डब्यात चंदेरी पाकिटांचा ढीग दिसला. अशी पाकिटं ती रोज हाताळायची. तिने टॉवेल ओढून घेतला, बाबाच्या तळहातावर पाणी ओतलं आणि त्यावर त्याचीच गोळी ठेवली. क्षणात लगदा.

"बोला, पापी कोण?" ती म्हणाली. "ही डॉक्टरांनी लिहून द्यायची, गवताच्या परागांच्या ॲलर्जीवरची गोळी आहे. ओल लागली की विरघळते, कारण ती जिभेखाली विरघळायलाच बनवलीय. खाज तिच्यानेच सुटते."

"अविश्वासी बाई," बाबा पुटपुटला.

एवढ्यात काकूंचा आवाज घोगरा झाला आणि त्या श्वासासाठी धडपडू लागल्या. बहिणीने त्यांना खाली निजवलं नाही, बसतं ठेवलं आणि रुग्णवाहिका बोलावली. बाबा मागच्या दाराने पसार झाला. शक्ती उतरवणाऱ्याला साधा फोनही करता आला नाही.

रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, काकू वाचल्या. मग बहिणीने हॉलभर ऐकू जाईल असं सांगितलं, "औषध खोटं नाही, देणारा खोटा आहे. पहिली गोळी डॉक्टरांसमोर घ्यायची आणि अर्धा तास तिथेच बसायचं. दमा आटोक्यात नसेल, तोंडात जखम असेल, दात काढला असेल तर घ्यायचीच नाही. घसा आवळला, श्वास लागला तर ती कृपा नाही, धोका आहे. जो माणूस तुमचा आजार न विचारता गोळी देतो, त्याला आधी विचारा, मला काहीच का विचारलं नाही?"

दादा खुर्चीत बसला होता. त्याचा हात गालावर होता, दाढेच्या जागी.

"माझाच नंबर होता पुढे," तो म्हणाला. "आणि त्याने मला काहीच विचारलं नसतं."